सही करणारे आणि कूस बदलणारे

वहिनींचा, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, परवा सांगलीहून फोन आला. आधी पावसाचं झालं, मग आंब्याच्या लोणच्याचं, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "ते कागदाचं झालं का गं तुझं?" कागद म्हणजे लिव्हिंग विल, उद्या आपल्याला बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. मराठीत काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाहीये, कुणी वैद्यकीय इच्छापत्र म्हणतं, आमच्या घरात नुसतं 'कागद' म्हणतात. मी म्हटलं, होतोय, नोटरीकडे जायचंय. त्या म्हणाल्या, "लवकर कर बाई. नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी दाराबाहेर उभं राहील."

हे दाराबाहेर उभं राहणं काय ते सांगायला ही पोस्ट लिहितेय. बरेच दिवस लिहायची होती, धीर होत नव्हता, कारण त्यात माझी बाजू काही फार चांगली नाहीये.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, स्ट्रोक आला. त्याच्या आधी चार वर्षं त्या अंथरुणालाच होत्या, खुब्याचं हाड मोडलं ते निमित्त, मग हळूहळू विसरणं वाढत गेलं. त्या चार वर्षांत त्यांचं सगळं मोठ्या जाऊबाईंनी केलं. सगळं म्हणजे सगळं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, एअर बेडची मोटर लाइट गेली की बंद पडायची तर रात्री उठून हाताने उशा सरकवायच्या, वरणभात मऊ कालवून चमच्याने भरवायचा, केस विंचरायचे. मी ठाण्याला, बँकेत नोकरी, वर्षातून तीनदा जायचे. जाताना साडी आणि ड्रायफ्रूट न्यायचे आणि चार दिवस "किती करता हो वहिनी" म्हणून परत यायचे.

तर स्ट्रोक. रात्री अकराला गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आयसीयू, व्हेंटिलेटर. सकाळपर्यंत आम्ही पोचलो. आणि पहिल्या दिवशी "सगळं करा डॉक्टर, काही कमी ठेवू नका" असं म्हणणारी मी होते. नणंद न्यू जर्सीत, ती व्हिडिओ कॉलवर तेच म्हणत होती, पैशाचं मी बघते, तुम्ही सगळं करा. जी माणसं रोज जवळ नसतात ना त्यांना 'सगळं करा' म्हणायची फार घाई असते. हे मला आता कळतंय, तेव्हा मला वाटत होतं की आपण केवढं प्रेम करतो.

एकोणीस दिवस. दिवसाचे पंचवीस-तीस हजार, पण ते सोडा, पैशावर नंतर येते. रोज सकाळी अकरा ते साडेअकरा भेट, एका वेळी एकच माणूस, आणि डॉक्टर बोलायचे ते फक्त दादांशी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांशी, कारण फॉर्मवर सही त्यांची. कुणी मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की ब्रेन डेड आहेत म्हणे. नव्हत्या. हा घोळ इतक्या घरांमध्ये होतो म्हणून इथेच सांगून टाकते. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचं मूळच, ब्रेनस्टेम, कायमचं बंद, ते ठरवायला अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्याखाली चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि तो मृत्यूच असतो. कोमा वेगळा. आणि डोळे उघडतात, झोप-जाग असते, पण समोरच्याची जाण नाही ही अवस्था आणखी वेगळी. आमच्या आई अधूनमधून डोळे उघडायच्या. छताकडे बघायच्या. नणंद स्क्रीनवर ओरडायची, "आईने बघितलं माझ्याकडे!"

पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता तोंडातली नळी फार दिवस ठेवता येणार नाही, ट्रेकिऑस्टॉमी करू, म्हणजे गळ्याला छेद देऊन तिथून नळी. सुधारण्याची शक्यता विचारली तर म्हणाले, आम्ही आशा सोडत नाही. (हे वाक्य ऐकून किती घरांनी किती लाख भरले असतील.) दादा पेन घेऊन बसले. तेवढ्यात वहिनी, ज्या पंधरा दिवस बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसल्या होत्या, आत आल्या आणि म्हणाल्या, "आईंना नळी नको होती."

सगळे गप्प. दादा म्हणाले, तुला काय माहीत? त्या म्हणाल्या, "केस विंचरताना कितीदा म्हणाल्यात. शेजारच्या अण्णांच्या नाकात नळी घातली होती ना, ते बघून आल्यावर म्हणाल्या, माझं असलं काही करू नका, मला तुळशीचं पाणी घाला आणि सोडा. विसरायला लागल्या तरी हे विसरल्या नव्हत्या. महिन्याभरापूर्वी पण म्हणाल्या."

आणि मी, शिकलेली, बँकेत ऑफिसर, काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "वहिनी, असं सगळेच म्हातारे लोक म्हणतात हो." नणंद फोनवरून म्हणाली की ती थकली आहे म्हणून असं बोलतेय. म्हणजे जिने केलं तिच्यावरच संशय. ती सून ना, रक्ताची कुठे.

मी त्या दिवसात रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसायचे आणि तिथे मला परत अरुणा शानबाग भेटली. आमच्या पिढीतल्या मुंबईच्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही, पण तरुण मुलं वाचत असतील तर थोडक्यात सांगते. परळच्या केईएममधली नर्स, मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याची साखळी गळ्याला आवळली, मेंदूचा प्राणवायू तुटला. पंचवीस वर्षांची होती. त्यानंतर ती ४२ वर्षं वॉर्ड नंबर ४ च्या एका खोलीत होती आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. हल्ला करणाऱ्याला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यावरच सात वर्षं झाली, बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही, यावर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

२००९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी तिच्या वतीने सुप्रीम कोर्टात गेल्या की तिला जबरदस्तीने भरवणं थांबवा, तिला शांतपणे जाऊ द्या. कोर्टाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली, त्यांनी केईएमला जाऊन तिला तपासलं. आणि ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. निकालाची सुरुवात गालिबच्या शेराने आहे, आपल्याकडचे न्यायमूर्ती पण ना. त्या निकालाने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. देशात पहिल्यांदा असं म्हटलं की इंजेक्शन देऊन मारणं नाहीच चालणार, पण जगवणारे उपचार थांबवणं हायकोर्टाच्या परवानगीने चालू शकतं. आणि ज्या बाईच्या नावाने हे सगळं झालं तिच्या बाबतीत मात्र नाही म्हटलं.

का नाही, ते मी त्या रात्री नीट वाचलं. कोर्टाचा प्रश्न होता की अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा? कायद्याच्या भाषेत नेक्स्ट फ्रेंड कोण? कोर्ट म्हणालं, विराणींची कळकळ मान्य आहे, पण केईएमचे लोक जे वर्षानुवर्षं रात्रंदिवस तिचं करतायत ते तिचे नेक्स्ट फ्रेंड. आणि त्यांना ती जगायला हवी आहे. ३७ वर्षांत तिला एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही असं निकालात लिहिलंय. ज्यांनी कुणाची कूस बदललीये त्यांनाच या ओळीची किंमत कळेल. आमच्या आईंना चार वर्षांत एक झाला होता, माकडहाडापाशी, वहिनी महिनाभर रडल्या होत्या. इथे ३७ वर्षं, आणि नर्सच्या किती बॅचेस बदलल्या असतील त्यात, ज्यांनी तिला धडधाकट कधी पाहिलंच नव्हतं त्या पोरी पण तिचं करत होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा या नर्सेसनीच तो हाणून पाडला होता.

तर देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणतंय की पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा हाताने करणाऱ्याचा शब्द मोठा. आणि मी इथे सांगलीत हाताने करणाऱ्या बाईला सांगतेय, असं सगळेच म्हणतात हो.

आता माझं मत सांगते. नर्सेसचं उत्तर मला पटत नाही. मला वाटतं अरुणाला जाऊ द्यायला हवं होतं. पण विचारायचं कुणाला हे कोर्टाने बरोबर ओळखलं होतं. फक्त विचारताना गफलत झाली. त्यांना विचारलं गेलं की तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला ती हवी का. साहजिक आहे त्या हो म्हणाल्या, चाळीस वर्षं ज्या शरीराची निगा राखली ते सोडवतं का कुणाला? विचारायला हवं होतं की तिला काय हवं असतं? ती पंचवीस वर्षांची नर्स, लग्न ठरलेली, स्वतः पेशंट बघणारी, तिने असल्या पेशंटबद्दल कधी काही म्हटलं होतं का? १९७३ मध्ये जी तिच्याबरोबर ड्यूटी करत होती, डबा खात होती, तिला कदाचित माहीत असेल. हाताने करणारा माणूस साक्षीदार म्हणून सगळ्यात चांगला, पण त्याला मालक केलं की गडबड होते. आणि आपल्या घरांमध्ये उलटंच, मालक म्हणून मुलगा सही करतो आणि साक्षीदार बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेला असतो.

वहिनींचंही तेच. त्यांना आईंना सोडायचं होतं असं नाही. आई गेल्यावर दोन-तीन महिने त्या रात्री दोनला जाग येऊन उठून बसायच्या, हात उशी शोधायचे. त्यांना विचारलं असतं की तुम्हाला काय हवंय तर त्यांनी पण 'ठेवा' म्हटलं असतं. त्या स्वतःचं सांगत नव्हत्या, आईंचं सांगत होत्या. एवढा फरक आम्हाला कळायला चार दिवस लागले.

चार दिवसांनी दादांनी डॉक्टरांना विचारलं की नळी नको, मशीन काढा म्हटलं तर? डॉक्टरांचा चेहराच बदलला. म्हणाले, आम्हाला ते करता येत नाही, कायद्याची भानगड आहे, तुम्हाला हवं तर घरी न्या. तेव्हा त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. २०१८ च्या ९ मार्चला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं, लिव्हिंग विलला मान्यता दिली, सगळं छान, पण रीत अशी घालून दिली की हॉस्पिटलचं एक मंडळ, त्यात वीस-वीस वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ, मग कलेक्टरने नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन पेशंट बघायचा. कलेक्टर! सात-बारावरची नोंद दुरुस्त करायला दोन वर्षं लागतात आपल्याकडे.

मग काय झालं तर जे महाराष्ट्रातल्या हजारो घरांत होतं ते झालं. डामा. म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाईस. दादांनी सही केली, कागदावर लिहिलं होतं 'नातेवाइकांच्या आग्रहावरून, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध'. अँब्युलन्समध्ये एक मुलगा फुगा दाबत बसला होता, अंबू बॅग, घरी आणलं, कॉटवर ठेवलं, त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि थांबला. वहिनींनी तुळशीचं पाणी घातलं. चाळीस मिनिटांनी आई गेल्या. घरघर लागली होती, घाम आला होता, आणि ती घरघर कमी करणारं एखादं औषध, कुणी नर्स, काहीही बरोबर दिलेलं नव्हतं, कारण कागदोपत्री आम्ही पळून आलेले लोक होतो. माझा डॉक्टरांवर राग आहे तो ह्याच्यासाठी. मशीन काढायला घाबरलात समजू शकते, पण माणूस मरायला घरी चाललंय हे माहीत असताना नुसतं पाठवून देता?

पैशाचं म्हटलं होतं वर. जवळजवळ सहा लाख झाले. आमच्याकडे होते, नणंदेने पाठवले. पण त्याच आयसीयूबाहेर तासगावकडचा एक माणूस होता, बायको आत, त्याने आठव्या दिवशी तसलीच सही केली आणि त्याला कुणी आशाबिशा सांगितली नाही. त्याचा निर्णय पैशाने झाला. आमचा पैसे होते म्हणून लांबला. दोन्हीमध्ये आत पडलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही. म्हणून इच्छामरण म्हटल्यावर कुणी भीती घालतं ना की गरिबांना मारून टाकतील, मला वाटतं बाबा रे, कायदा न वापरता ते रोज चाललंय, तुम्ही कुठल्या जगात आहात.

सुटकेची सही अशी चोरासारखी करावी लागू नये म्हणून २४ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्वतःचेच नियम सोपे केले. आमच्या आईंना सहा महिने उशीर झाला. आता कलेक्टर गेला. हॉस्पिटलचं पहिलं मंडळ, उपचार करणारे डॉक्टर धरून तिघं, मग दुसरं मंडळ, तेही तिघांचं, त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला, आणि शक्यतो ४८ तासांत निर्णय. न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. इच्छापत्र नसलं तरी घरच्यांच्या संमतीने हीच वाट आहे. दोन मंडळांचं जमलं नाही तरच हायकोर्ट. आणि लिव्हिंग विल करायला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बस. आधी त्यालाही न्यायदंडाधिकारी लागायचा.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्या कागदात तुम्ही नावं लिहू शकता, माझ्या वतीने कोण बोलणार त्याची. एकापेक्षा जास्त पण चालतात.

एक गोष्ट डॉक्टर मैत्रिणीने समजावली ती पण लिहून ठेवते. मशीन न लावणं आणि लावलेलं काढणं, नैतिकदृष्ट्या दोन्ही सारखंच धरतात, रोग माणसाला नेतोय आणि आपण फक्त आडवं येणं थांबवतोय. पण हाताला ते सारखं वाटत नाही, ती म्हणाली. लावलं नाही तर रात्री झोप लागते, काढलं तर लागत नाही. म्हणून डॉक्टर लावून बसतात आणि मग काढणं कुणीतरी घरच्यांनी अँब्युलन्समध्ये करायचं. ती हे सांगताना चहा गार होईपर्यंत कप फिरवत बसली होती.

आपल्याकडे मरण ओढवून घेण्याची नाही म्हटलं तरी परंपराच आहे. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला औषध, अन्न, पाणी सगळं नाकारलं आणि गेले. सावरकरांनी १९६६ मध्ये तेच केलं आणि त्याला आत्मार्पण म्हटलं. दोघांचे विचार कुठल्या कुठे, शेवट मात्र सारखा. पण ते शुद्धीवर होते, त्यांना तोंड उघडून नाही म्हणता आलं. आईंनी पण म्हटलंच होतं की, फक्त केस विंचरताना म्हटलं होतं आणि ज्या बाईला म्हटलं तिची सही चालत नव्हती.

तर काल नोटरीकडे गेले. कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल, शिक्क्यांचा डबा. कागद वाचून त्याने चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, प्रॉपर्टी कुठली आहे? शेड्यूल जोडलं नाहीये." म्हटलं प्रॉपर्टीचं नाहीये हो, माझं स्वतःचं आहे. परत वाचलं. मग म्हणाला, "आजारी आहात का?" नाही म्हटलं. "मुलाला माहितीये?" माहितीये. मग नावांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे मुलगा दुसऱ्या नंबरवर, आणि पहिलं नाव... या कोण, बहीण?"

म्हटलं, मोठ्या जाऊबाई.

तो हसला. "जाऊबाई? चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय." आणि शिक्का मारला.

एक प्रत महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तिथे खिडकीवरच्या मुलीला माहीत नव्हतं, तिने आत विचारलं, आतल्याने दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिथले साहेब जेवायला गेले होते. सोमवारी परत जायचंय. रात्री वहिनींना फोन करून सांगितलं की नोटरीचं झालं, तुमचं नाव पहिलं आहे. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे गं, खुळे. मी आधी गेले तर?"

त्याचं मी काही ठरवलेलं नाहीये अजून.